‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : अण्णांचं पिस्तूल आणि तुमचा कायदा

गेल्या रविवारी मी रिटायर पोलिसांच्या पिस्तुलाच्या लायसन्सवर लिहिलं होतं. माझे वडील, म्हणजे अण्णा, शिपाई म्हणून भरती झाले आणि फौजदार म्हणून रिटायर झाले, त्यांना लायसन्ससाठी कसं फिरवलं, आणि नोकरीभर कमरेला हत्यार वागवलेल्या माणसाला रिटायर झाल्यावर खात्यानेच परक्यासारखं वागवावं का, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली. खाली तिथंच उत्तर द्यायला बसलो तर ते एवढं वाढलं की वेगळी पोस्ट टाकतोय.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी प्रतिक्रियेचा सारांश. एक, रिटायर पोलिसाला पिस्तूल बाळगायचा वेगळा असा कुठलाही अधिकार भारतीय कायद्यात नाही, मी तसा आभास निर्माण केला. दोन, लायसन्सची मुदत मी ३ वर्षं लिहिली ती चूक आहे. तीन, मी अमेरिकेचं उदाहरण दिलं पण तिथल्या अटी लपवल्या. चार, घरात हत्यार म्हणजे नातवंडांना धोका, शिवाय रिटायरमेंटनंतर माणूस खचतो वगैरे. पाच, हे त्यांच्याच शब्दांत देतो, ‘बहुतेक पोलिसांनी आयुष्यभर लाठीच धरलेली असते, पिस्तुलाचा त्यांना आपल्याइतकाच अनुभव असतो.’ आणि शेवटी, ‘वडिलांच्या नावाने गळा काढून कायदा बदलत नाही. आणि हो, शेवटी लायसन्स मिळालं का ते तुम्ही लिहिलंच नाही.’

आता बघा, टीका मला चालते, हा ब्लॉग मी ९ वर्षं लिहितोय आणि एकही प्रतिक्रिया आजवर उडवलेली नाही, तुमचीही उडवणार नाही. पण ‘गळा काढून’ हे काय आहे? तुम्ही माझ्या घरी आला असतात, अण्णा समोर खुर्चीत बसलेले असते, तर हे वाक्य तुमच्या तोंडातून निघालं असतं का? स्पष्टवक्ता हे नाव घ्यायचं आणि स्वतःचं नाव मात्र लपवायचं, यात स्पष्ट काय आहे ते मला कळलेलं नाही. मी माझ्या नावाने लिहितो, माझा फोटो वर आहे, मला गावात लोक ओळखतात. असो.

मुदतीचं तुमचं बरोबर आहे. २०१९च्या दुरुस्तीने शस्त्र लायसन्सची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली, मी जुनं लिहिलं, लेखात दुरुस्त केलंय आणि खाली तशी नोंदही टाकलीय. चूक दाखवली तर मी मान्य करतो, हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढचं वाचताना मी हट्टाला पेटलोय असं कुणाला वाटू नये.

अधिकार नाही म्हणता. अहो, मी कुठं म्हणालो आहे म्हणून? शस्त्र कायदा १९५९चा, त्यातलं कलम ३ सांगतं की लायसन्सशिवाय कुणीही बंदूक बाळगायची नाही. कलम ४५ सांगतं की सरकारी नोकर ड्युटीचा भाग म्हणून हत्यार वागवत असेल तर त्याला हा कायदा लागत नाही. म्हणजे अण्णा ३१ तारखेच्या संध्याकाळपर्यंत कलम ४५मधे होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कलम ३मधे. हे मला कळतं, कायदा मीही वाचलाय, तुमच्यासारखा वाचल्याचं जाहीर करत फिरत नाही एवढंच. आणि खात्याचं नऊ एमएम पिस्तूल घरी नेता येत नाही हेही माहीत आहे, ते प्रोहिबिटेड बोअरमधे, म्हणजे साध्या नागरिकाला बंदी असलेल्या मापात येतं, साध्या माणसाला मिळतं ते पॉइंट बत्तीस वगैरे, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं. लायसन्सशिवाय सापडलात तर २ ते ५ वर्षं, आणि ते प्रोहिबिटेड असेल तर ७ ते १४. हे कुणाला शिकवताय?

पण तुम्ही जे सांगितलं नाहीत ते मी सांगतो. २०१६चे शस्त्र नियम उघडा, नियम १२. लायसन्स द्यायचा विचार कुणाकुणाचा करता येईल त्याची यादी आहे, त्यात धंद्या-नोकरीमुळे ज्याला जिवाची किंवा मालमत्तेची भीती आहे तो आहे, नेमबाजीचा खेळाडू आहे, आणि तिसरा, सैन्यात, केंद्रीय दलात किंवा राज्य पोलिसांत नोकरी करणारा किंवा केलेला माणूस. ‘केलेला’ हा शब्द तिथं आहे साहेब! सरकारने रिटायर पोलिसाचं नाव घेऊन सांगितलंय. आता तुम्ही म्हणाल पुढची अट वाचा, ‘खरी गरज’ असली पाहिजे आणि विचार ‘करता येईल’ असं आहे, ‘करावाच’ असं नाही. वाचलीय अट. माझं सगळं भांडण त्या अटीशीच आहे.

खरी गरज म्हणजे काय ते ऐका. अण्णांनी तपास केलेल्या एका खुनाच्या केसमधला जन्मठेपेचा कैदी संचित रजेवर, म्हणजे तुरुंगातून मिळणाऱ्या सुट्टीवर, बाहेर आला आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर लागोपाठ दोन दिवस येऊन बसला. काही केलं नाही त्याने, चहा प्यायला, टपरीवाल्याला एवढंच विचारलं की फौजदार फिरायला किती वाजता निघतात. तिसऱ्या दिवशी आला नाही. अण्णांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार नोंदवली, अर्जाला तिची कॉपी जोडली. अर्ज त्रुटी म्हणून परत. काय त्रुटी, तर ही अदखलपात्र नोंद आहे, धोक्याचा ठोस पुरावा जोडा. अण्णा मला म्हणाले, आता त्याने मारल्यावर एफआयआर होईल, ती जोडतो.

आणि चौकशीला घरी कोण आलं असेल? ज्याला अण्णांनी पंचनामा लिहायला शिकवला तो. पोरगा उंबऱ्यातच उभा, आत येईना, शेवटी आईने हाताला धरून बसवला. फॉर्मवर ‘अर्जदाराचे चारित्र्य’ असा रकाना होता, तो त्याने अण्णांच्या समोर भरला नाही, बाहेर मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून भरला. रिपोर्ट चांगलाच दिला त्याने. पण तो वर जायला जे महिने लागले ते लागले. कायद्यात सोय आहे की ठाण्याचा रिपोर्ट मुदतीत आला नाही तर परवाना देणारा अधिकारी त्याची वाट न बघता निर्णय घेऊ शकतो. इथंही ‘घेऊ शकतो’च आहे. कुणी घेतला नाही. ऑफिसचं नाव, जिल्ह्याचं नाव मी लेखातही दिलं नव्हतं, आताही देणार नाही.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो. लाठीच्या.

मला मान्य आहे की बहुतेक पोलिसांच्या हातात लाठी असते. २६/११च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्याही हातात लाठीच होती, आणि सीएसटीला आमच्या पोलिसांकडे थ्री नॉट थ्री होत्या. हे तुम्ही कशाचा पुरावा म्हणून देताय? पोलिसाला हत्यार कळत नाही याचा? मला तर ते उलटंच दिसतं.

‘आपल्याइतकाच अनुभव’ म्हणालात म्हणून विचारतो, तुम्ही चांदमारी, म्हणजे पोलिसांचा नेमबाजीचा सराव, बघितलीय का? मी पोलीस लाईनीत वाढलो. दोन खोल्यांचं क्वार्टर, सामाईक नळ, आणि वर्षातून एकदा चांदमारी, गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याला. आम्ही पोरं लांब बांधावर बसून बघायचो. फायरिंग अर्ध्या तासात उरकायचं, ते काही एवढं बघण्यासारखं नसायचं. बघण्यासारखं त्यानंतर असायचं. रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या असतात, जेवढे राउंड, म्हणजे काडतुसं, दिले तेवढ्या पुंगळ्या. एके वर्षी एक पुंगळी कमी भरली. एक! पंधरा-वीस माणसं, पोटं सुटलेले हवालदार, वाकून गवतात हात फिरवतायत, आर्मरर, म्हणजे हत्यारं सांभाळणारा, रजिस्टर घेऊन डोक्यावर उभा, उन्हं कलली तरी कुणी डबा उघडला नाही. शेवटी अंधार पडता पडता एकाच्या पॅन्टच्या दुमडलेल्या काठात ती सापडली. तो माणूस पितळेचा तो तुकडा हातात धरून अक्षरशः रडायला आला होता, कारण सापडली नसती तर इन्क्वायरी, आणि इन्क्वायरी म्हणजे इन्क्रिमेंट, आणि इन्क्रिमेंट म्हणजे पोरांच्या फिया.

याला मी अनुभव म्हणतो. गोळ्या किती झाडल्या याचा हिशोब तुम्ही मागताय. अण्णांनी ३६ वर्षांच्या नोकरीत ड्युटीवर एकही गोळी झाडली नाही. एकही नाही. मोहोल्ल्यात दगडफेक झाली, मोर्चे झाले, एकदा डोक्याला सात टाके पडले, तेव्हाही पिस्तूल कमरेलाच होतं आणि होल्स्टरचं बटण लावलेलंच होतं. तुम्ही म्हणाल मग अनुभव कसला. मी म्हणतो हत्यार जवळ असून न काढण्याचा ३६ वर्षांचा अनुभव ज्याला आहे त्याच्यापेक्षा लायसन्सला लायक माणूस मला दाखवा. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे हौशी लोक मी बघितलेत, त्यांच्यासाठी आता वेगळं कलम करावं लागलं, २ वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यांच्याकडे लायसन्स होतीच ना? ती कुणी दिली? त्यांची ‘खरी गरज’ कुणी तपासली? यावर तुमच्या प्रतिक्रियेत अवाक्षर नाही.

रिटायर झाले त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर हत्यार जमा करायला गेलो होतो. आर्मररने पिस्तुलाचा नंबर मोठ्याने वाचला, अण्णांनी न बघता तोंडपाठ म्हणून दाखवला. मॅगझिन काढलं, राउंड टेबलावर उभे केले, दोघांनी दोनदा मोजले, सही झाली. बाहेर आल्यावर अण्णा चालताना उजवा हात जरा लांब धरून चालत होते, कोपर अंगाला लागू नये असा. मी म्हटलं अण्णा तिथं आता काही नाही. हो म्हणाले. अजूनही तसेच चालतात. तुम्हाला याच्यात गळा काढणं दिसलं असेल तर दिसू दे.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. अमेरिकेचं म्हणाल तर तिथला २००४चा कायदा मला माहीत आहे, १० वर्षं नोकरी झालेली हवी, खात्यातून चांगल्या रीतीने बाहेर पडलेला हवा, फोटोचं ओळखपत्र हवं आणि दरवर्षी फायरिंगची टेस्ट पास हवी, मग राज्य कुठलंही असो हत्यार झाकून वागवता येतं, सरकारी इमारती वगैरे सोडून. मी अटी लपवल्या नाहीत, एका ओळीत उल्लेख केला होता, लेख अमेरिकेवर नव्हता. दरवर्षी टेस्ट इथंही घ्या की, कुणी नको म्हटलंय? (अण्णांचे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, पण तो प्रश्न वेगळा.) नातवंडांचं म्हणाल तर ती काळजी आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त आहे, घर आमचं आहे. माणूस खचतो वगैरे जे लिहिलंत त्यावर मी बोलणार नाही, तो विषय असा प्रतिक्रियेत एका ओळीत टाकायचा नसतो.

आणि राहिला शेवटचा टोमणा, लायसन्स मिळालं का. लेखात लिहिलं नव्हतं कारण तो लेखाचा मुद्दा नव्हता. पण आता विचारलंच आहे आणि नाही सांगितलं तर तुम्ही त्याचाही अर्थ काढाल. मिळालं. जवळजवळ तीन वर्षांनी मिळालं. अण्णांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सर्व्हिस बुकच्या झेरॉक्सबरोबर कपाटात ठेवलं. हत्यार घ्यायला मुदत असते, रिव्हॉल्वरची किंमत लाखाच्या घरात, त्याच वर्षी धाकटीचं लग्न निघालं, आणि तो टपरीवरचा माणूस परत कधी दिसलाच नाही. मी पैसे देतो म्हणालो होतो. अण्णा म्हणाले राहू दे, आता रोज रात्री उठून कुलूप बघायचं वय नाही. मुदत निघून गेली.

यावर तुम्ही काय लिहिणार ते मला माहीत आहे. लिहा. फक्त या वेळी नाव टाकून लिहा.