मोड घेणाऱ्याचा काटा आणि आपली प्रतिक्रिया

महोदय,

जुन्या वाड्यातील सामान विकताना मोल सांगणारा आणि माल विकत घेणारा ही माणसे वेगळी असावीत, असे मी मागील लेखात सुचवले होते. त्यावर आपण लिहिता, "हे पुण्या-मुंबईचे चोचले आहेत. आमच्याकडे मोड (जुनी भांडी, भंगार) घेणारा दारात येतो आणि रोख मोजतो, तेवढे पुरे." लेख लांबला, वाहतुकीचा खर्च धरला नाही आणि भावंडांच्या वाटणीबद्दल मी मौन पाळले, हे आपले उरलेले आक्षेप. वाहतुकीचा मुद्दा रास्त आहे. लांबी ज्याला सोसत नाही त्याने वाचू नये.

मतभेदाला माझी ना नाही; परंतु ज्याची ओळखदेख नाही अशा माणसाला परस्पर मुंबईकर ठरवून त्याला शहाणपण शिकवण्याची ही कोणती रीत? मी अंबाजोगाईचा आहे, माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात वाढलो आहे, आणि धान्य साठवायच्या ज्या बळदांतून ज्वारी काढताना माझे हात खरचटले ती बळदे आपण बहुधा पाहिलीही नसतील.

आजोळचा वाडा रिकामा करताना मामांनी असाच एक रोख मोजणारा बोलावला होता. हंडे, घंगाळी, बंब असे सगळे काट्यावर चढत असताना त्याने एक काळेकुट्ट पानदान "हे जस्त आहे" म्हणून बाजूच्या ढिगात टाकले. मी ते उचलून ओल्या फडक्याने कोपरा घासला, तेव्हा चांदीची नाजूक वेल दिसू लागली. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले, चांदीची तार ठोकून बसवलेले आणि बिदरच्या किल्ल्यातील मातीने काळे केलेले ते बिदरी काम होते. 1956 पर्यंत बिदर आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे आपल्याकडच्या घरांत अशी वस्तू निघणे नवलाचे नाही. त्या गृहस्थास ती ओळखू आली नाही, की ओळखू आली म्हणूनच तो गप्प राहिला, हे मला आजही सांगता येत नाही. परंतु जो स्वतः विकत घेणार आहे त्याचा फायदा गप्प राहण्यातच असतो, आणि माझा मुद्दा नेमका एवढाच होता. जुन्या पैठणीचेही तेच. खऱ्या जरीत सोन्याचे पाणी दिलेली चांदीची तार असते. लुगड्यावर स्टीलचे पातेले देणारा ते जाळून चांदी काढतो आणि आपण पातेले मिळाले म्हणून खूश होतो.

म्हणून विक्रीच्या रकमेवर ठरावीक टक्के घेणारा माणूस शोधावा. भाव वाढला तर त्याचाही वाटा वाढतो. तो आपल्याच मेव्हण्याला माल स्वस्तात देणार नाही याची हमी कोणी देत नाही, त्यामुळे प्रत्येक पावतीवर खरेदीदाराचे नाव हवे, आणि वजन व छायाचित्रांसह यादी सामान घराबाहेर पडण्यापूर्वी व्हावी. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी मोलाची हस्तलिखिते 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात व त्यांचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. तो परवाना दाखवा म्हटल्यावर जो विषय बदलतो, त्याला चहा पाजून परत पाठवावे. हा कायदा पुण्या-मुंबईपुरता केलेला नाही, हे आपल्या माहितीसाठी.

वाटणीचे काम वकिलाचे आहे. माझ्यापुरते सांगायचे तर यादीवर भावांबरोबर बहिणींच्याही सह्या घ्याव्यात.

राहता राहिले आपले शेवटचे वाक्य, की हे सारे मी कोणा व्यापाऱ्याकडून पैसे घेऊन लिहितो. लेखात एकाही दुकानाचे वा व्यापाऱ्याचे नाव नाही, हे आरोप करण्याआधी आपण पाहिले असते, तर मला हे इतके लांब उत्तर लिहावे लागले नसते आणि आपल्याला ते वाचावे लागले नसते.