अमेरिकेतील संमतिवय: फिरणारा संदेश आणि राज्यांचे कायदे

अमेरिकेतील मराठी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांतून एक संदेश वारंवार पुढे पाठवला जातो. अमेरिकेत संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला दिलेली संमती ज्या वयापासून कायदा मानतो ते वय, 16 आहे, मुलगा-मुलगी जवळपासच्या वयाची असतील तर ‘रोमिओ-ज्युलिएट कायद्या’मुळे गुन्हा होतच नाही, दोन्ही घरच्यांना मान्य असेल तर पोलिसांचा प्रश्न येत नाही, आणि मुलीनेच वय खोटे सांगितले असेल तर मुलगा सुटतो, असा त्याचा आशय आहे. घरात वाढत्या वयाची मुले असलेली माणसे हा मजकूर विश्वासाने वाचतात आणि त्यावर विसंबून राहतात, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान अर्धवट आहे. संपूर्ण अमेरिकेला लागू असे एक संमतिवय नाही. ते प्रत्येक राज्य आपल्या फौजदारी कायद्यात ठरवते. बहुसंख्य राज्यांत ते 16 आहे हे खरे, परंतु न्यूयॉर्क आणि टेक्सासमध्ये 17, तर कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात 18 आहे. न्यू जर्सीतील एडिसनमध्ये राहणाऱ्या 19 वर्षांच्या तरुणाचे 16 वर्षांच्या मैत्रिणीशी परस्परसंमतीने आलेले संबंध तेथे केवळ वयामुळे गुन्हा ठरत नाहीत. हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनमध्ये तेच मिस्डिमीनर, म्हणजे तुलनेने कमी दर्जाचा पण शिक्षापात्र गुन्हा आहे, आणि त्या तरुणाला 21 वर्षे पूर्ण झाली असतील तर तो बलात्काराच्या कलमाखाली गंभीर गुन्हा होतो. न्यू जर्सीतही मोठ्या व्यक्तीकडे त्या मुलावर वा मुलीवर देखरेखीचा अधिकार असेल तर 16 ची मर्यादा 18 वर जाते. टेक्सासमध्ये शाळेतील कर्मचाऱ्याने आपल्या विद्यार्थ्याशी ठेवलेले संबंध, काही मोजके अपवाद वगळता, विद्यार्थी 18 वर्षांचा झाला असला तरी गुन्हाच ठरतात.

सर्वांत जास्त नुकसान दुसऱ्या विधानाने होते. ‘रोमिओ-ज्युलिएट’ या नावाचा एकच कायदा कुठेही नाही. वयातील अंतर कमी असल्यास वेगवेगळी राज्ये ज्या वेगवेगळ्या सवलती देतात, त्यांना लोकांनी दिलेले हे नाव आहे. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील कलम 261.5 वाचले तर अंतर तीन वर्षांपेक्षा जास्त नसेल तेव्हा गुन्हा नाहीसा होत नाही, तो मिस्डिमीनर होतो एवढेच दिसते. आणि ‘मोठा किंवा लहान’ असे शब्द असल्याने 17 वर्षांची दोन्ही मुले एकाच वेळी कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. टेक्सासमध्ये लहान व्यक्ती किमान 14 वर्षांची आणि अंतर तीन वर्षांच्या आत असेल तर आरोपीला बचाव मिळतो, पण तो न्यायालयात मांडायचा असतो आणि सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच असतो. अटक, जामीन आणि वकिलाचा खर्च हे सगळे त्याआधी होऊन गेलेले असते. फ्लोरिडात 16-17 वर्षांच्या व्यक्तीशी 23 वर्षांपर्यंतच्या व्यक्तीचे संबंध वयामुळे गुन्हा ठरत नाहीत. मात्र 2007 च्या ज्या कायद्याला तिथे ‘रोमिओ-ज्युलिएट’ म्हणतात, तो दोषी ठरल्यानंतर लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीतून नाव काढण्यासाठी अर्ज करण्याची मुभा देतो, दोषमुक्त करत नाही.

सवलतीचे शब्द किती अरुंद असू शकतात हे जॉर्जियातील एका खटल्यात दिसले. 17 वर्षांच्या मुलाला 15 वर्षांच्या मुलीशी आलेल्या संबंधांबद्दल 2005 मध्ये दहा वर्षांचा कारावास झाला, कारण तिथली सवलत एकाच प्रकारच्या शरीरसंबंधाला लागू होती आणि त्याच्यावरील आरोप दुसऱ्या प्रकाराचा होता. विधिमंडळाने 2006 मध्ये कायदा बदलला, पण तो पूर्वलक्षी नव्हता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2007 मध्ये ती शिक्षा क्रूर ठरवली तेव्हा त्याची तुरुंगात दोन वर्षांहून अधिक गेली होती. कॅन्ससमधील सवलत फक्त मुलगा-मुलगी अशा जोडीलाच होती. तो भेद तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये रद्द केला.

आईवडिलांची मान्यता हा कोणत्याही राज्यात बचाव नाही. तिचा संबंध येतो तो विवाहापुरता. कॅलिफोर्नियाचे कलम 261.5 पती-पत्नीला लागू होत नाही, आणि तेथे पालकांच्या व न्यायालयाच्या परवानगीने होणाऱ्या अल्पवयीनांच्या विवाहाला कायद्यात किमान वय लिहिलेले नाही. ही पळवाट मला अत्यंत धोकादायक वाटते, कारण जिच्या संरक्षणासाठी संमतिवय ठरवले तिलाच ती विवाहाच्या नावाखाली उघडी टाकते. न्यू जर्सीने 2018 मध्ये आणि न्यूयॉर्कने 2021 मध्ये 18 वर्षांखालील विवाह पूर्णपणे बंद केला.

वयाबद्दल फसवणूक झाली, हा बचाव कॅलिफोर्नियाने 1964 च्या निकालापासून वाजवी समज असल्यास मान्य केला आहे. न्यू जर्सीचा कायदा मात्र समज वाजवी असली तरी ती बचाव नाही, असे स्पष्ट म्हणतो. शिवाय संदेश आरोपी मुलगाच असणार असे गृहीत धरतो. केवळ पुरुषाला दोषी धरणारा कॅलिफोर्नियाचा कायदा संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये वैध ठरवला होता हे खरे, पण पुढे त्या राज्याने स्वतःच तो लिंगनिरपेक्ष केला.

संदेशात दोन गोष्टींचा उल्लेखही नाही. संघराज्याच्या कायद्यात अश्लील छायाचित्रांसाठी अल्पवयीन म्हणजे 18 वर्षांखालील, मग राज्यातील संमतिवय काहीही असो. असे चित्रण तयार करण्याला किमान 15 वर्षांची शिक्षा आहे. दुसरी गोष्ट एच-4 (नोकरदार पालकांवर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा), एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) किंवा ग्रीन कार्डवर (कायम वास्तव्याचा परवाना) असलेल्या मुलांची. मेक्सिकोच्या एका ग्रीन कार्डधारकाने कॅलिफोर्नियात याच कलम 261.5 खालील आरोपाला 2009 मध्ये विरोध केला नाही, आणि पुढे त्याच्या हद्दपारीची कारवाई सुरू झाली. केवळ वयावर आधारलेल्या अशा गुन्ह्याला हद्दपारीस कारण ठरणारे ‘अल्पवयीनाचे लैंगिक शोषण’ म्हणायचे असेल तर राज्याच्या कायद्यात पीडिताचे वय 16 पेक्षा कमी असले पाहिजे, असा निकाल संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 30 मे 2017 रोजी दिला. म्हणजे 16 वर्षांखालील प्रकरणांत हद्दपारीचा धोका तसाच राहतो. म्हणून नागरिकत्व नसलेल्या मुलाने तडजोडीची कबुली (सौम्य आरोप वा शिक्षेच्या बदल्यात गुन्हा मान्य करणे) देण्याआधी वकिलाला स्थलांतरावरील परिणाम विचारलेच पाहिजेत. तो सल्ला देणे हे बचावाच्या वकिलाचे कर्तव्य आहे, असे त्याच न्यायालयाने 2010 मध्ये ठरवले आहे.