सिनेमा थिएटरातच विसरून कोणी घरी येत नाही

भाचीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, अगदी पटलं." ती विचार करणारी मुलगी आहे, म्हणूनच राहवलं नाही. त्या फॉरवर्डमध्ये म्हटलंय: सिनेमा ही निव्वळ करमणूक, प्रेक्षक सुज्ञ असतो, थिएटरबाहेर पडला की विसरतो, पडद्यावरची माणसं समाजात असतात तशीच दाखवलेली असतात, आणि ज्याला झोंबतं त्याने बघू नये.

"विसरतो" हे धडधडीत खोटं आहे. रूथ पीटरसन आणि एल. एल. थर्स्टन या संशोधकांनी अमेरिकेत हेच तपासलं आणि १९३३ साली प्रसिद्ध केलं. इलिनॉयमधल्या क्रिस्टल लेक या गावातल्या शाळकरी मुलांना त्यांनी 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा कृष्णवर्णीयांना खलनायक आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेला तारणहार ठरवणारा चित्रपट दाखवला. गावात कृष्णवर्णीय जवळपास नव्हतेच. मुलांची कृष्णवर्णीयांबद्दलची मतं आधी नोंदवली होती. चित्रपटानंतर ती स्पष्टपणे वाईट झाली. पाच महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही बराचसा फरक टिकून होता. ज्यांना कधी भेटलोच नाही, त्यांच्याविषयीचं मत एका खेळात बनलं आणि मुरलं! याच दोघांनी दुसऱ्या एका गावात चिनी लोकांना सहानुभूतीने दाखवणारा चित्रपट दाखवला, तर तिथल्या मुलांचं चिनी लोकांबद्दलचं मत सुधारलं. म्हणजे पडदा दोन्हीकडे ओढतो.

एक गोष्ट मान्य करावी लागते. उघड प्रचार दरवेळी लागू पडत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना मुद्दाम बनवलेले चित्रपट दाखवले आणि त्यांचा परिणाम तपासला. माहिती वाढली, लढण्याची उमेद फारशी वाढली नाही. पण त्याच अभ्यासात काही मतं पाच दिवसांनी दिसली त्यापेक्षा नऊ आठवड्यांनी जास्त बदललेली आढळली. त्यामुळे हा आधारही फॉरवर्डवाल्यांच्या फार कामाचा नाही.

प्रेक्षक सुज्ञ असतो, ठीक. माध्यमांचे ब्रिटिश अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं की प्रेक्षक दिलेला अर्थ स्वीकारतो, थोडा वळवतो किंवा साफ नाकारतो. पण नाकारायला हाताशी दुसरा काही अनुभव लागतो. क्रिस्टल लेकच्या मुलांकडे तो कुठून येणार?

"समाजात असतात तशीच" यावर शब्द खर्चण्यात अर्थ नाही. 'द बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये गोऱ्या मुलीचा पाठलाग करणारा कृष्णवर्णीय गस हा तोंडाला काळं फासलेला गोरा नट होता.

राहिलं "झोंबतं त्याने बघू नये". ज्याचं चित्र रंगवलंय त्याने डोळे मिटून काय होणार? त्याची गाठ पडते ती बघून आलेल्यांशी. हा चित्रपट १९१५ च्या फेब्रुवारीत आला, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी त्याविरुद्ध जिवाच्या आकांताने आवाज उठवला तो याचसाठी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विल्यम सिमन्सने अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनवर संपलेली कू क्लक्स क्लॅन पुन्हा उभी केली, आणि पुढे कित्येक वर्षं नवे सदस्य ओढायला हाच चित्रपट वापरला गेला.