अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईच्या जहाजावर लिहिलं गेलं? नाही!

‘अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या मिंडेन जहाजावर लिहिलं गेलं’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. फिरता फिरता त्याला शेपट्याही फुटल्या आहेत: ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनने ट्रफाल्गरची समुद्री लढाई जिंकली ती मुंबईच्या जहाजांवर, आणि या जहाजांचा आराखडा, लाकूड, कारागिरी सगळं इथलंच. मुंबईच्या गोदीचं काम अस्सल होतं, त्याला असल्या भेसळीची गरज नाही.

ट्रफाल्गरचं आधी उरकून टाकू. लढाई झाली २१ ऑक्टोबर १८०५ रोजी. मुंबईत ब्रिटिश आरमारासाठी बांधलेलं पहिलं ७४ तोफांचं जहाज हेच मिंडेन, आणि ते पाण्यात उतरलं जून १८१० मध्ये. नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ तर इंग्लंडमधल्या चॅटमला, ओकच्या लाकडात बांधलेलं, १७६५ सालचं.

आता राष्ट्रगीत. सप्टेंबर १८१४, ठिकाण अमेरिकेतलं बाल्टिमोर बंदर; ब्रिटन आणि अमेरिकेचं युद्ध चालू होतं. फ्रान्सिस स्कॉट की हा अमेरिकी वकील ब्रिटिशांनी पकडलेल्या डॉ. विल्यम बीन्स यांना सोडवायला गेला होता. बोलणी झाली ब्रिटिश ॲडमिरल कॉक्रेनच्या ‘टॉनंट’ या जहाजावर. गंमत म्हणजे हे जहाज मूळचं फ्रेंच; तुलाँला बांधलेलं आणि १७९८ च्या नाईलच्या लढाईत ब्रिटिशांच्या हाती लागलेलं. बीन्सची सुटका कबूल झाली, पण बाल्टिमोरवरच्या हल्ल्याचा बेत बाहेर फुटू नये म्हणून या मंडळींना थांबवून ठेवलं. १३ सप्टेंबरचा दिवस आणि ती रात्र त्यांनी पहाऱ्यात काढली, तीही ज्या अमेरिकी गलबतातून ते आले होते त्याच्यावरच. कीने पहिल्या ओळी एका पत्राच्या पाठीवर खरडल्या आणि गीत पुरं केलं ते बाल्टिमोरच्या हॉटेलात. या सगळ्या हकिकतीत मिंडेन कुठेच नाही.

कागदपत्रं बाजूला ठेवली, तरी जहाजाची बांधणीच इथे साक्ष देते. मिंडेनसारखं ७४ तोफी जहाज म्हणजे तोफांचे दोन पूर्ण मजले, सर्वांत जड तोफा खालच्या मजल्यावर, आणि पाचशेहून जास्त माणसं. एवढा भार पेलताना त्याचं बूड वीस फुटांच्या आसपास पाण्यात बुडतं. बाल्टिमोरचं रक्षण करणाऱ्या मॅकहेन्री किल्ल्यासमोरची पटॅप्स्को नदी असल्या जहाजांना पुरण्याइतकी खोल नव्हती. म्हणून मोठी जहाजं मागे राहिली आणि भडिमार केला तो ‘टेरर’, ‘व्होल्केनो’, ‘मीटिऑर’ अशा लहान, उखळी तोफांच्या जहाजांनी. (यातलंच ‘टेरर’ पुढे जॉन फ्रँकलिन या शोधकाच्या मोहिमेत उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अडकून संपलं.) अग्निबाण सुटले ‘एरेबस’वरून. राष्ट्रगीतात ज्या रॉकेटांच्या लाल प्रकाशाचा उल्लेख आहे ती हीच, काँग्रीव्हची रॉकेटं. विल्यम काँग्रीव्ह या इंग्रजाने ती विकसित केली म्हैसूरच्या रॉकेटांवरून. हैदर आणि टिपूच्या या अस्त्राचा मार इंग्रजांनी स्वतः खाल्ला होता. भारताचा धागा हवाच असेल तर तो इथे सापडतो.

दुसरी शेपटी आराखड्याची. हा दावा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. लाकूड मलबारचं सागवान, कारागीर मुंबईचे, आणि कामाचा धनी जमशेटजी बोमनजी वाडिया, हे खरं. रेखाटनं मात्र इंग्लंडहून, आरमाराच्या कचेरीतून यायची. तीसुद्धा दरवेळी इंग्रजी डोक्यातली नसत. १८२४ चं मुंबईचं ८४ तोफी ‘एशिया’ ज्या धर्तीवर बांधलं, ती नाईलला पकडलेल्या ‘फ्रँकलिन’ या फ्रेंच जहाजाची. हेच ‘एशिया’ १८२७ मध्ये ग्रीसजवळच्या नॅव्हारिनोच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल कॉड्रिंग्टनची ध्वजनौका होतं.

वाडियांचं कसब पाहायचं तर ‘वेलस्ली’ या मुंबईत बांधलेल्या जहाजाचं उदाहरण घ्यावं. त्याचे आराखडे घेऊन निघालेलं ‘जावा’ हे ब्रिटिश जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जिंकलं. कागद गेले ते गेलेच. मग गोदीने नुकतंच पाण्यात सोडलेलं आपलंच ‘कॉर्नवॉलिस’ समोर ठेवलं आणि त्याच्या घडणीवर ‘वेलस्ली’ उभं केलं. १८१५ साली ते पाण्यात उतरलं, आणि सप्टेंबर १९४० मध्ये टेम्स नदीत जर्मन विमानहल्ल्यात बुडालं. मधली सव्वाशे वर्षं सागवानाच्या खाती जमा करायला हरकत नाही. ओकच्या आम्लाने लोखंडी खिळे-बोल्ट खाल्ले जातात. सागवानात तेल असतं आणि लोखंड टिकतं. मुंबईचंच १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे.

मुंबईच्या जहाजावर सही-शिक्क्यानिशी इतिहास घडलाच नाही असं मात्र नाही. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला तो याच ‘कॉर्नवॉलिस’वर. पहिलं अफूयुद्ध हरलेल्या चीनने त्या तहात हाँगकाँग देऊन टाकलं. ज्या व्यापारापायी हे युद्ध झालं, त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच जात होती, आणि तिच्यावर इथल्या अनेक पेढ्या गबर झाल्या होत्या. हा मजकूर अजून माझ्या कोणत्याही ग्रुपवर आलेला नाही.