उडणारी मोटार: पहिली नव्हे, आणि ट्रॅफिकमधून उडणारीही नव्हे

स्लोव्हाकियातल्या ‘एअरकार’चा व्हिडिओ सध्या फिरतोय. सोबत मजकूर: ‘जगातली पहिली उडणारी मोटार, सरकारी मंजुरीसह, ट्रॅफिकमध्ये अडकलात की तिथूनच उडा!’

मंजुरीचं खरं आहे. जानेवारी 2022 मध्ये तिला उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र मिळालं. त्याआधी, जून 2021 मध्ये, ती नित्राहून ब्रातिस्लाव्हाला 35 मिनिटांत उडत गेली होती. पण विमानतळावरून विमानतळावर. तिला धावपट्टी लागते, चालवणाऱ्याला वैमानिकाचा परवाना लागतो. गर्दीच्या रस्त्यात पंख उघडायलाच जागा कुठली?

आणि ‘पहिली’ तर मुळीच नाही. अमेरिकेत मोल्टन टेलर यांनी 1949 मध्येच ‘एरोकार’ उडवली. 1956 मध्ये तिलाही सरकारी प्रमाणपत्र मिळालं. उतरल्यावर पंख आणि शेपटी सोडवायची, चाकांवर घडी घालायची आणि ट्रेलरसारखी मोटारीमागे ओढत घरी न्यायची. एकट्या माणसाला जमेल असं ते काम होतं. इतकी विचारपूर्वक बांधलेली गाडी, पण पुरेशा मागण्याच आल्या नाहीत आणि कारखान्यातलं उत्पादन सुरू झालं नाही. टेलर यांचं नाव असं पुसलं जाऊ नये, म्हणून हा खुलासा. व्हिडिओ पुढे पाठवायचाच असेल तर ‘पहिली’ हा शब्द काढून पाठवा.