जैतापूर अडलं, पण माडबनकरांमुळे?

गेला आठवडाभर आमच्या गाववाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. प्रकल्पाच्या जागेवरच्या माडबन गावच्या लोकांनी आंदोलन केलं नसतं तर कोकणातल्या जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची ९,९०० मेगावॅट वीज केव्हाच सुरू झाली असती, ती स्वस्त पडली असती, प्रदूषण शून्य. आणि जपानमधल्या फुकुशिमाच्या २०११ मधल्या अणुअपघातात किरणोत्सर्गानं एकही माणूस मेला नाही, मग घाबरायचं कशाला? मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही. कोळशापेक्षा ती बरी, असंच मला वाटतं. पण या मेसेजमध्ये खरं-खोटं असं कालवलंय की गप्प बसवत नाही.

‘आंदोलनामुळे प्रकल्प अडला.’ जरा तारखा लावून बघा. पाच गावांची सुमारे ९३८ हेक्टर जमीन सरकारनं २०१० पर्यंत संपादित केली होती. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी, डिसेंबरात फ्रान्सच्या अरेवा कंपनीशी करार. एप्रिल २०११ मध्ये जवळच्या साखरी नाटे या मच्छीमारांच्या गावात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, एक जण जिवानिशी गेला. २०१३ मध्ये भरपाई हेक्टरी साडेबावीस लाखांवर नेली, तेव्हा बऱ्याच जणांनी चेक घेतले. सड्यावर कुंपणाची भिंतही उभी राहिली. आत काय, तर जांभ्याचा कातळ आणि पावसाळ्यात गवत. म्हणजे जागा हातात होती. ठरत नव्हता तो अणुभट्टीचा भाव.

आणि भट्टी कुठली, तर ईपीआर, म्हणजे अरेवाच्या नव्या बनावटीची अणुभट्टी. फिनलंडमध्ये ओल्किलुओतोला तिचं काम २००५ मध्ये सुरू झालं, वीज २००९ मध्ये मिळायची होती. ती नियमित मिळायला २०२३ उजाडलं. खुद्द फ्रान्समध्ये फ्लामाँव्हिलला २००७ मध्ये पाया घातला, मुदत २०१२ ची, ग्रीडला जोडणी डिसेंबर २०२४ मध्ये. या सगळ्यात अरेवा डबघाईला आली आणि तिचा भट्ट्यांचा धंदा ईडीएफ या फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीकडे गेला. त्या ईडीएफनं आपल्याकडे बांधील प्रस्ताव दिला तो एप्रिल २०२१ मध्ये. मधली दहा वर्षं काय माडबनकर पॅरिसला जाऊन आडवे पडले होते? अपघात झाला तर यंत्र पुरवणाऱ्यानं किती भरायचं, यावर २०१० च्या दायित्व कायद्यावरून झालेली ओढाताण आणखी वेगळी. हां, चीनमध्ये ताइशानला हीच भट्टी नऊ वर्षांत चालू झाली, हेही सांगायला हवं.

‘वीज स्वस्त पडली असती.’ तारापूरच्या १९६९ च्या दोन भट्ट्यांची वीज वर्षानुवर्षं स्वस्त मिळाली, कारण त्यांचा बांधकामाचा खर्च कधीच वसूल झाला होता. नव्या भट्टीत इंधनापेक्षा भांडवल आणि त्यावरचं व्याजच जास्त खातं. ब्रिटनमध्ये हिंकली पॉइंटला हीच ईपीआर बांधताहेत. तिच्या विजेला तिथल्या सरकारनं २०१२ च्या किमतींत युनिटला ९.२५ पेन्सची हमी दिलीय. तेव्हाच्या दरानं जवळपास आठ रुपये. आपल्याकडे सौर विजेच्या लिलावात अडीच रुपयांच्या आसपास बोली लागते. रात्रीच्या साठवणुकीचा खर्च त्यात धरावा लागेल, मान्य. पण बिल निम्म्यावर आणणारी ही वीज नव्हे.

‘फुकुशिमात एकही मेला नाही.’ अठरा हजारांवर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली ती त्सुनामीनं, हे खरं. पण ‘एकही’ नाही, हे चूक. एका कामगाराचा कर्करोगानं झालेला मृत्यू किरणोत्सर्गामुळे असल्याचं जपान सरकारनंच २०१८ मध्ये मान्य केलं. शिवाय घरदार सोडून पळापळ करण्यात आणि पुढच्या हालअपेष्टांत फुकुशिमा प्रांतात दोन हजारांवर माणसं गेली, बरीचशी म्हातारी. धोका मोजताना ती कुठल्या रकान्यात घालायची?

राहिलं ‘प्रदूषण शून्य’. कार्बनच्या हिशेबात हे जवळजवळ खरं आहे: युनिटमागे अणुविजेचा १२ ग्रॅम, कोळशाचा ८२०. त्यावर माझं भांडण नाही. पण साखरी नाट्यातले मच्छीमार कार्बनबद्दल विचारतच नव्हते. एका ईपीआरमध्ये सुमारे ४,५९० मेगावॅट उष्णता तयार होते, म्हणजे जैतापूरच्या सहा भट्ट्यांत साडेसत्तावीस हजार. त्यातली ९,९०० ची वीज झाली, तर उरलेली सतरा हजारांवर मेगावॅट उष्णता समुद्रात सोडायची. बांगडा आणि कोळंबी मग किनाऱ्याजवळ राहणार का, एवढंच ते विचारत होते, आणि मेसेजमध्ये त्यावर एक ओळही नाही.