गव्हर्नर व्हायचंय? चावीवाल्याचा नंबर घेऊन ठेवा

तुम्हाला गव्हर्नर व्हायचंय म्हणता? आपल्याकडे ते फार सोपं आहे हो. निवडणूक नाही, सभा नाहीत, भर उन्हात हात जोडत फिरणं नाही. वयाची ३५ पूर्ण असावीत आणि दिल्लीला तुमची आठवण यावी, बस्स. पण तुमची हौस दांडगी. तुम्हाला अमेरिकेतल्यासारखं चुरशीच्या लढतीत, जनतेकडून निवडून यायचंय. (तिथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री समजा, राज्यपाल नव्हे.) ठीक आहे. मग अभ्यासाला एकच राज्य घ्या: जॉर्जिया, साल १९४६. बाकी काही वाचू नका.

सुरुवातीलाच सांगतो, जास्त मतं मिळवायच्या नादी लागू नका. जेम्स कारमायकेल लागले आणि बसले हात चोळत. त्या काळी जॉर्जियात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली की गव्हर्नरपद खिशात. जुलैत पक्षांतर्गत निवडणूक झाली. कारमायकेल यांना युजीन टालमेज यांच्यापेक्षा सुमारे १६ हजार मतं जास्त पडली, आणि उमेदवारी गेली टालमेजना. कारण तिथे माणसं मोजत नसत, काउंट्या (म्हणजे तिथले जिल्हे) मोजत. राज्यात काउंट्या १५९. सगळ्यांत मोठ्या ८ काउंट्यांना प्रत्येकी ६ गुण, त्याखालच्या ३० काउंट्यांना ४ आणि उरलेल्या १२१ काउंट्यांना प्रत्येकी २. म्हणजे अख्खं अटलांटा शहर घामाघूम होऊन जिंकलंत तरी कुठल्याही तीन आडगावच्या काउंट्यांनी हिशोब चुकता. टालमेज तर उघड सांगत, जिथे ट्रॅम धावते तिथली मतं मला नकोतच. हा गुणाकार सुप्रीम कोर्टाने बंद पाडला १९६३ साली. तोवर कुणाला घाई नव्हती.

मतदार पटवण्यापेक्षा यादी साफ करणं स्वस्त पडतं, हेही लक्षात ठेवा. पक्षांतर्गत मतदान फक्त गोऱ्यांसाठी राखून ठेवायची रीत न्यायालयाने नुकतीच मोडली होती. ती परत आणतो, हे टालमेज यांचं मुख्य आश्वासन. त्यांच्या माणसांनी कृष्णवर्णीय मतदारांच्या नावांवर ठिकठिकाणी हरकती घेतल्या आणि हजारो नावं उडवली. इथे विनोद करायचा होता, जमला नाही. पुढे चला.

आता सर्वांत महत्त्वाचं: शपथविधीआधी मरू नका. टालमेज २१ डिसेंबर १९४६ रोजी, निवडून येऊन, शपथ न घेता वारले. मरण टळणारच नसेल तर एक मुलगा तयार ठेवावा. तब्येतीचा रंग ओळखून त्यांच्या माणसांनी नोव्हेंबरातच काही मतदारांना मतपत्रिकेवर चिरंजीव हर्मन यांचं नाव हाताने लिहायला लावलं होतं. राज्यघटनेत सोय होती की कुणालाच बहुमत नसेल तर हयात असलेल्या पहिल्या दोघांतून विधिमंडळाने एकाला निवडावं. हाताने लिहिलेल्या नावांची मोजणी झाली. कारमायकेल ६६९, डी. टालमेज बॉवर्स नावाचे गृहस्थ ६३७ (आडनावात नाही, तर मधल्या नावात तरी टालमेज) आणि हर्मन ६१७. तिसरे! पण वडिलांच्या घरच्या मुलखात, टेलफेअर काउंटीत, न मोजलेली ५८ मतं अचानक सापडली. ६१७ आणि ५८ किती? ६७५. कुलदैवत जागृत असलं की असं होतं. १५ जानेवारीच्या पहाटे विधिमंडळाने १६१ विरुद्ध ८७ मतांनी ३३ वर्षांच्या हर्मनना गव्हर्नर केलं. (पहाटेच्या राज्यारोहणाचं आपल्याला काही कौतुक सांगायला नको.)

आणि इथे चावीवाला येतो. मावळते गव्हर्नर एलिस अर्नाल म्हणाले, मी खुर्ची सोडणार नाही. हर्मन यांनी वाद घातला नाही, कार्यालयाची कुलुपं बदलली. राहत्या बंगल्यावरही ताबा घेतला. दुसऱ्या दिवशी अर्नाल आले तर दार बंद. मग त्या बिचाऱ्यांनी विधानभवनाच्या दालनात, चौकशीच्या टेबलावर आपलं राज्य मांडलं. ‘स्वच्छतागृह कुठे आहे’ विचारायला आलेल्या माणसाला समोर गव्हर्नर दिसावा, याहून लोकाभिमुख कारभार तो कोणता? इकडे नव्यानेच निर्माण केलेल्या उपगव्हर्नरपदावर निवडून आलेले मेल्विन थॉम्प्सन म्हणाले, गव्हर्नर मेला तर मीच. १८ जानेवारीला त्यांनी शपथ घेतली आणि अर्नाल बाजूला झाले. पण त्याआधी काही दिवस एका राज्याला तीन गव्हर्नर होते. आपल्याकडे एकाच पक्षाचे दोन अध्यक्ष असतात. तुलना करून बघा.

एक गोष्ट मात्र हर्मन विसरले. दार ताब्यात होतं, शिक्का नव्हता. सरकारी कागदाला राज्याची मुद्रा लागते आणि ती असते राज्यसचिवाकडे. सचिव होते बेन फोर्टसन. ते चाकाच्या खुर्चीत बसत. खरा गव्हर्नर कोण हे ठरेपर्यंत त्यांनी मुद्रा खुर्चीच्या गादीखाली ठेवली आणि वर बसून राहिले. अख्ख्या प्रकरणात मला आवडलेला माणूस हाच.

१९ मार्चला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध २ असा निकाल दिला: गव्हर्नर थॉम्प्सन. हर्मन सुमारे दोन महिन्यांत बाहेर. घाबरू नका, १९४८ च्या निवडणुकीत लोकांनीच थॉम्प्सनना हरवून हर्मनना परत आणलं. पुढे ते २४ वर्षं अमेरिकेच्या सिनेटमध्येही बसले. तेव्हा लाज वगैरे वाटून मधेच मैदान सोडायचं कारण नाही.

फक्त तेवढं टेलफेअरचं बघून घ्या. जॉर्ज गुडविन या अटलांटाच्या बातमीदाराने तिथली मतदार यादी उघडली, आणि त्याच बातमीला पुढे पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. मत देणाऱ्यांत काही जण आधीच वारलेले निघाले, ते एक वेळ चालतं. पण एका ठिकाणी ३४ मतदार चक्क वर्णमालेच्या क्रमाने येऊन मत देऊन गेले होते, इंग्रजी ‘ए’पासून ‘के’पर्यंत. म्हणजे आपटे आले, बापट आले, चितळे आले, केळकर आले. लेल्यांपासून पुढे सगळं गाव घरी. लिहिणाऱ्याचा हात दुखला असणार. तुमच्या गावची यादी करताना नावं आधी पत्त्यांसारखी पिसून घ्या, आणि दोन माणसं बसवा. एकाला लेल्यांपासूनच सुरुवात करायला सांगा.